‘लक्षातच आलं नाही’ : हॅलिबर्टन विरुद्ध चब प्रकरण आणि लवादांच्या संस्था

नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनमधल्या एका ज्येष्ठ लवादाला (म्हणजे न्यायालयाबाहेर वाद निवाडणाऱ्या पंचाला) हॅलिबर्टन या अमेरिकी कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं. पत्राचा गाभा असा : तुम्ही आमच्या वादात अध्यक्ष-लवाद आहात. त्याच दुर्घटनेतून निघालेल्या आणखी दोन वादांतही तुम्ही बसला आहात, त्यातल्या एकात तर तुम्हाला आमच्याच प्रतिपक्षाने, चब या विमा कंपनीने, नेमलं आहे, आणि हे आम्हाला तुमच्याकडून कळलेलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तर गेलं. ना चिडचिड, ना सारवासारव. तेव्हा तुम्हाला कळवायला हवं होतं हे लक्षातच आलं नाही; आता विचार करता कळवलं असतं तर बरं झालं असतं, असा त्याचा आशय.

या ‘लक्षातच आलं नाही’चा कीस पुढे चार वर्षं तीन न्यायालयांत पाडला गेला आणि शेवटी लवादाशी संबंधित पाच संस्था ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात आपापलं म्हणणं मांडायला उभ्या राहिल्या. बांधकामाच्या वादांत लवाद म्हणून बसू पाहणाऱ्या अभियंत्यांना मी अधूनमधून शिकवतो, तेव्हा हे प्रकरण हमखास घेतो. कारण यात लबाड कुणीच नाही. पैसे खाल्ले, मेहुण्याला लाभ दिला असली प्रकरणं शिकवायला सोपी असतात. ऐकणारा मनात म्हणतो, ‘आपण असं करणार नाही,’ आणि चहाला जातो. हे प्रकरण ऐकून मात्र माणसं आपापल्या डायऱ्या चाळायला लागतात.

घडलं काय

२० एप्रिल २०१०. मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट झाला. ११ कामगार गेले, समुद्रात अफाट तेल सांडलं. विहीर बीपी या तेल कंपनीची, तराफा ट्रान्सओशन या कंपनीचा आणि विहिरीत सिमेंट भरण्याचं काम हॅलिबर्टनचं. लुइझियानातल्या संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दोषाची वाटणी केली : बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के, हॅलिबर्टन ३ टक्के. हा निकाल येण्याआधीच हॅलिबर्टनने दावेदारांशी सुमारे १.१ अब्ज डॉलरची तडजोड करून टाकली होती.

हॅलिबर्टनकडे जबाबदारीचा विमा होता, चब बर्म्युडा या कंपनीचा. पॉलिसी ‘बर्म्युडा फॉर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठरावीक नमुन्यातली : कायदा न्यूयॉर्कचा, लवाद लंडनमध्ये. चबने हात वर केले. ही तडजोड वाजवी नव्हती, आम्ही पैसे देणं लागत नाही. ट्रान्सओशनकडेही चबचीच, त्याच नमुन्यातली पॉलिसी होती आणि तिथेही विमा कंपनीने नकारच दिला. दुर्घटना एक, विमा कंपनी एक, पॉलिसीचा साचा एक, आणि भांडणं वेगवेगळी. इथून पुढे जे झालं त्याचं मूळ यात आहे.

पॉलिसीप्रमाणे दोन्ही बाजूंनी एकेक लवाद नेमायचा आणि त्या दोघांनी मिळून तिसरा. तिसऱ्यावर त्यांचं जमेना, म्हणून प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. जून २०१५ मध्ये कोर्टाने केनेथ रोकिसन यांना नेमलं. सुरुवातीचं पत्र आलं ते यांनाच. चबच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं आणि हॅलिबर्टनचा त्यांना विरोध होता, मुख्यतः न्यूयॉर्कच्या कायद्याचा प्रश्न इंग्रज वकिलाकडे कशाला, या मुद्द्यावर. नेमणुकीआधी रोकिसन यांनी सांगितलं होतं की चबच्या वादांत आपण यापूर्वी बसलो आहोत, चबतर्फेही बसलो आहोत, आणि दोन प्रकरणं अजून चालू आहेत. म्हणजे सांगण्याची सवय त्यांना नव्हती असं कुणी म्हणू नये.

डिसेंबर २०१५ मध्ये ट्रान्सओशनच्या वादात चबने त्यांना आपला लवाद म्हणून नेमलं. ट्रान्सओशनला त्यांनी कळवलं की मी हॅलिबर्टनच्या प्रकरणात आहे. हॅलिबर्टनला उलट दिशेने कळवलं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ट्रान्सओशन आणि आणखी एका विमा कंपनीच्या वादात दोन्ही बाजूंच्या संमतीने ते बदली लवाद झाले. तेही हॅलिबर्टनला कळलं नाही.

ही दिशा मी शिकवताना फळ्यावर बाण काढून दाखवतो. नवीन काम स्वीकारताना आपण नव्या माणसाला जुन्याबद्दल सांगतो, कारण समोर तोच बसलेला असतो. जुन्या माणसाला नव्याबद्दल सांगायचं राहून जातं. त्याच्याकडे फाइल कधीच उघडलेली असते, हरकती कधीच विचारून झालेल्या असतात. चूक या उलट्या बाणात आहे.

यात बिघडलं कुठे

पहिली प्रतिक्रिया बहुतेकांची अशी असते की अनुभवी माणूस आहे, दोन प्रकरणं वेगळी ठेवेल की. ठेवेलही. पण चबच्या जागेवरून बघा. ट्रान्सओशनच्या प्रकरणात चबचे वकील पॉलिसीच्या त्याच शब्दांवर युक्तिवाद करणार. रोकिसन कुठे मान हलवतात, कुठे प्रश्न विचारतात, कोणता मुद्दा त्यांच्या गळी उतरत नाही, हे त्यांना दिसणार. मग हॅलिबर्टनसमोर तेच वकील सुधारून येऊ शकतात. तालीम झालेली, आणि तीही त्याच परीक्षकापुढे. हॅलिबर्टनला अशी तालीम झाल्याचा पत्ताच नाही. ना ते हरकत घेऊ शकत, ना त्या खोलीत काय म्हटलं गेलं ते विचारू शकत. शिवाय एकाच पक्षाकडून येणाऱ्या नेमणुकांबरोबर मानधनही त्याच पक्षामुळे येतं. ते घेण्यात गैर काही नाही, पण दुसऱ्या बाजूला ते माहीत असायला हवं.

दुसरी अडचण खरी गुंतागुंतीची आहे. लवादाची प्रक्रिया खाजगी असते. लोक न्यायालय सोडून तिकडे जातात त्याचं ते एक मोठं कारण. मग ट्रान्सओशनचं प्रकरण चालू आहे हे हॅलिबर्टनला सांगायचं तर ट्रान्सओशन आणि चब यांच्या गोपनीयतेचं काय? न सांगावं तर एकाशी दगा, सांगावं तर दुसऱ्याशी. सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली ती व्यवहारी आहे. अशा प्रकारच्या लवादात ‘दुसरी नेमणूक आहे आणि तिथेही हाच पक्षकार आहे’ एवढं सांगायला पक्षकारांची संमती गृहीत धरता येते. त्यापुढचा तपशील सांगायचा तर विचारावं लागेल. आणि संमती मिळत नसेल तर? तर दुसरं काम घेऊ नका.

राजीनामा, दोन्ही अर्थांनी

मराठेशाहीत वाद गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे जाई तेव्हा दोन्ही वादींकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घेत. म्हणजे आम्ही इथे निवाडा करून घ्यायला राजी आहोत, असा कागद. गावचे लोक एका बाजूच्या भिडेचे वाटले तर ‘परस्थळ’, म्हणजे दुसऱ्या गावी निवाडा, मागण्याचीही सोय होती. पुढे त्याच शब्दाचा अर्थ पालटला आणि राजीनामा म्हणजे पद सोडण्याचा कागद झाला. लवाद येतो कसा आणि जातो कसा, दोन्ही एका शब्दात.

या प्रकरणात दोन्ही अर्थ अडले. हॅलिबर्टन राजी नव्हतीच, कोर्टाने नेमलं होतं. आणि पत्र आल्यावर रोकिसन यांनी दाखवलेली तयारी अशी होती की एका बाजूचा विश्वास नसेल तर मला चिकटून बसायचं नाही; पण मी दोन्ही बाजूंना बांधील आहे, दोघांची संमती हवी. चबने संमती दिली नाही. मग ते सोडणार कसे? बाहेरून बघणाऱ्याला ‘सोडून द्या ना’ म्हणणं सोपं असतं, पण एका पक्षाच्या नुसत्या नाराजीवर लवाद उठून जाऊ लागले तर नको असलेला लवाद घालवायचा तोच राजमार्ग होईल.

त्यांनी हेही सुचवलं होतं की इतर दोन प्रकरणं प्राथमिक मुद्द्यावर संपली नाहीत तर तिथून बाहेर पडण्याचा विचार करीन. ती तशी संपली, मार्च २०१७ मध्ये, विमा कंपन्यांच्या बाजूने.

हॅलिबर्टनने इंग्लंडच्या १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम २४ खाली त्यांना हटवण्याचा अर्ज केला होता. हायकोर्टाने तो फेब्रुवारी २०१७ मध्ये फेटाळला. तिकडे लवाद मंडळाचं काम चालूच राहिलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये बहुमताचा निवाडा चबच्या बाजूने लागला. हॅलिबर्टनने नेमलेले लवाद, प्राध्यापक विल्यम पार्क, यांनी त्यात सामील व्हायला नकार दिला. प्रक्रियेच्या न्याय्यतेबद्दलची आपली अस्वस्थता त्यांनी वेगळी लिहून ठेवली. मंडळातला सहकारीच असं लिहितो तेव्हा निवाड्याचं वजन कमी होतं, मग तो कायद्याने कितीही पक्का असो.

एप्रिल २०१८ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, सांगायला हवं होतं, पण एवढ्याने पक्षपात दिसत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि निकाल आला २७ नोव्हेंबर २०२० ला.

पाच संस्था, दोन सूर

माझ्या दृष्टीने प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग हा. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचं लवाद न्यायालय म्हणजे आयसीसी, लंडनचं एलसीआयए, आणि चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्स म्हणजे सीआयआर्ब, या तिघांचा सूर एक : अशा एकमेकांत गुंतलेल्या नेमणुका सांगायलाच हव्यात. जहाज-व्यवहारातल्या लवादांची एलएमएए आणि धान्य-पशुखाद्याच्या व्यापाराची गाफ्टा, या दोघांचा सूर दुसरा : आमच्याकडे हे रोजचंच आहे, दर वेळी सांगत बसण्याची गरज नाही.

आधी पहिल्या सुरातले तिघे एका जातीचे नाहीत हे लक्षात घेतलं पाहिजे. आयसीसी आणि एलसीआयए प्रकरणं चालवतात. लवाद नेमतात, त्याच्याविरुद्धची हरकत ऐकतात, वेळ आली तर आपल्या नियमांखाली त्याला बदलतात. सीआयआर्ब मुळात सभासदांची संस्था आहे. १९१५ साली सुरू झाली, १९७९ मध्ये तिला राजसनद मिळाली. वकील आहेत तसे अभियंते, वास्तुविशारद, सर्व्हेअर असे सगळे तिच्यात आहेत. ती शिकवते, परीक्षा घेते, नावापुढे लावायला अक्षरं देते, आचारसंहिता करते आणि ती मोडणाऱ्या सभासदावर शिस्तीची कारवाई करते. निवाडा रद्द करणं तिच्या हातात नाही. तिच्या नियमांबाहेरच्या चालू प्रकरणातून लवादाला उठवणंही नाही. जो सभासदच नाही त्याला तर ती विचारूही शकत नाही, आणि इंग्लंडमध्ये लवाद व्हायला सभासद असावं लागत नाही. हॅलिबर्टनची लवाद-प्रक्रिया कोणत्याच संस्थेच्या देखरेखीखाली नव्हती, अ‍ॅड-हॉक म्हणजे त्या वादापुरती उभी केलेली होती. हरकत घेऊन जायला न्यायालयाखेरीज दार नव्हतं.

मग अशी संस्था न्यायालयात कशाला जाते? तिच्या २००९ च्या आचारसंहितेत आधीपासूनच होतं की निःपक्षपातीपणावर परिणाम करणारी, किंवा तसं वाजवीपणे वाटू शकेल अशी, कोणतीही बाब सभासदाने सुरुवातीला आणि काम चालू असेपर्यंत उघड करावी. ‘काम चालू असेपर्यंत’ हे शब्द उलट्या बाणासाठीच आहेत. न्यायालयाने ‘तशी गरज नाही’ म्हटलं असतं तर संहितेतलं ते कलम सुविचार होऊन भिंतीवर लटकलं असतं.

दुसऱ्या सुराकडे मात्र झटकून टाकल्यासारखं बघू नये. गाफ्टाचे लवाद त्या व्यापारातले माणूस असतात. एकच माल साखळीने पाच-सहा हातांतून जातो, माल खराब निघाला की प्रत्येक दुव्यावर भांडण उभं राहतं, आणि जाणकार लवाद मोजकेच. जहाजांचंही तसंच : एका अपघातातून अनेक करारांची भांडणं. तिथे तोच लवाद अनेक प्रकरणांत असणार हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते लपवलं जात नाही. दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा येणाऱ्या, दोघांनाही तेच लवाद माहीत. आज तो तुझ्या बाजूने नेमला गेला, उद्या माझ्या.

विम्यात हे गणित बसत नाही. विमा कंपनी दर वर्षी लवादात असते, विमा घेणारा आयुष्यात एखाद्या वेळी. लवादांचा स्वभाव, जुने निवाडे, कोण कशाला भुलतो, ही सगळी माहिती एकाच बाजूला साचते. तिथे ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ म्हणणारा बहुधा रोज येणारा असतो. माझ्या मते सीआयआर्ब आणि एलएमएए दोघेही आपापल्या अंगणापुरते बरोबर होते, आणि न्यायालयानेही जवळजवळ तसंच धरलं : सांगणं हे कायदेशीर कर्तव्य आहे, फक्त एखाद्या क्षेत्रातली सर्वमान्य रूढी वेगळी असेल तर तिचा विचार होईल.

निकाल, आणि मला खटकणारा भाग

सर्वोच्च न्यायालय म्हणालं : कर्तव्य होतं, ते मोडलं. तरी रोकिसन यांना हटवण्याचं कारण नाही. समंजस आणि माहीतगार त्रयस्थाला, हायकोर्टातल्या सुनावणीच्या दिवशी सगळी हकिकत बघून, पक्षपाताची खरी शक्यता वाटली नसती. कारणं : कर्तव्याबद्दल इंग्लिश कायदा तोवर स्पष्ट नव्हता, ट्रान्सओशनचं प्रकरण नंतर आलं, त्यामुळे सांगण्याची दिशा चुकणं समजण्यासारखं, ती प्रकरणं प्राथमिक मुद्द्यावरच संपण्याची शक्यता होती, म्हणजे दोन्हींत पुराव्याची सरमिसळ फारशी होणार नव्हती, गुप्त आर्थिक लाभ नाही, आणि हरकत आल्यावरचं उत्तर संयमी.

शेवटची चार मला पटतात. पहिलं घशात अडकतं. कायदा अस्पष्ट असेल, व्यवसायाची शिस्त नव्हती. आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनची हितसंबंधांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २००४ पासून आहेत आणि त्यांच्या नारिंगी यादीत, म्हणजे शंका येऊ शकते म्हणून उघड कराव्यात अशा बाबींच्या यादीत, ‘त्याच पक्षकाराच्या, संबंधित मुद्द्यावरच्या दुसऱ्या प्रकरणात लवाद’ हे चक्क लिहिलेलं आहे. सीआयआर्बची संहिता होतीच. व्यवसायाने जे आधीच लिहून ठेवलं ते न्यायालय अस्पष्टतेच्या खात्यात टाकतं तेव्हा आचारसंहिता म्हणजे कायदा येईपर्यंतची शोभा, असा समज होतो. आता ती सवलत संपली. इंग्लंडच्या २०२५ च्या लवाद कायद्याने मूळ कायद्यात कलम २३अ घातलं. उघड करणं हे लिखित कर्तव्य झालं, आणि त्यात लवादाला प्रत्यक्ष माहीत असलेलंच नाही तर वाजवीपणे माहीत असायला हवं तेही येतं. ‘लक्षात आलं नाही’ला आता फारशी जागा उरलेली नाही.

सीआयआर्बसारख्या संस्थेच्या स्वतःच्या हितसंबंधांबद्दलही बोललं पाहिजे. जी संस्था सभासदांची वर्गणी घेते, त्यांना शिकवण्याचं शुल्क घेते, मागणी आली तर त्यांचीच नावं नेमणुकीसाठी पुढे करते आणि त्यांच्यावरच्या तक्रारीही ऐकते, तिच्यासाठी कोणती नारिंगी यादी? शिस्तीची समिती बाकीच्या कारभारापासून वेगळी ठेवणं आणि तिच्यात व्यवसायाबाहेरची माणसं असणं, एवढं तरी हवंच. पाचामुखी परमेश्वर खरा, पण ते पाच एकाच पंगतीला जेवणारे नसावेत.

हेच आपल्याकडे असतं तर

गंमत अशी की आपला कायदाही १९९६ चाच, पण कलम १२ मध्ये उघड करण्याचं कर्तव्य पहिल्या दिवसापासून आहे, कारण आपण संयुक्त राष्ट्रांच्या नमुना कायद्यावरून तो बेतला. २०१५ च्या दुरुस्तीने पाचवी, सहावी आणि सातवी अनुसूची आली. पाचव्या अनुसूचीतली चोविसावी नोंद म्हणजे जवळजवळ रोकिसन यांचंच वर्णन : त्याच पक्षकाराच्या संबंधित मुद्द्यावरच्या दुसऱ्या प्रकरणात सध्या किंवा गेल्या ३ वर्षांत लवाद असणं. आणि खालच्या स्पष्टीकरणात जहाज व माल-व्यापारातल्या छोट्या वर्तुळाचीही दखल आहे. एलएमएए आणि गाफ्टा ज्यासाठी भांडले ते आपल्या अनुसूचीत आधीच छापलेलं होतं.

लवादांच्या व्यवसायाला आकार देणारी यंत्रणा मात्र आपल्याकडे कागदावर रेंगाळली. मुंबईच्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१७ मध्ये तशी शिफारस केली, २०१९ च्या दुरुस्तीत भारतीय लवाद परिषदेची कलमं आली. लवाद संस्थांची प्रतवारी करणं, लवादांना मान्यता देणाऱ्या व्यावसायिक संस्थांना ओळख देणं ही तिची कामं. पुढची कित्येक वर्षं ती कलमं अंमलात आणली गेली नाहीत. सरकारी कंत्राटांच्या वादात एक बाजू कायम तीच असते, विमा कंपनीसारखी. अशा परिषदेत सरकारच्या नेमणुका किती असाव्यात, हा प्रश्न मग तांत्रिक राहत नाही.

तोवर हातात आहे ती सहावी अनुसूची. सहा बाबींचा साधा तक्ता : नाव, संपर्क, अनुभव, चालू प्रकरणांची संख्या, पक्षकारांशी किंवा विषयाशी संबंध, आणि वेळ देण्यात, विशेषतः १२ महिन्यांत काम संपवण्यात येऊ शकणाऱ्या अडचणी. मागच्या वर्गात तो सगळ्यांना भरायला दिला होता. एक निवृत्त अधीक्षक अभियंता, बोलायला शांत, चौथ्या बाबीपाशी थांबले. बोटांवर मोजून त्यांनी सात लिहिलं. मग विचारलं, “सर, सुनावणी संपलीय, निवाडा फक्त लिहायचा राहिलाय, तो धरायचा का?”

धरायचा, मी म्हटलं. त्यांनी सात खोडून आठ केले. थोड्या वेळाने डायरी काढली, पानं उलटली, आणि आठाचे नऊ केले.